परतीचा घाट

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. अस्सल पुणेकराला ही उंची जरा कमीच वाटते, पण तो विषय वेगळा. सायकलवरून कोकणात जायचा बेत निघाला, की एरवी भूगोलाच्या पुस्तकात पडून असलेला हा आकडा एकदम कामाला येतो. ५६० वरून शून्यावर जायचं, म्हणजे सगळा उतार. ब्रेक तेवढे नीट हवेत. पाऊस सरला की कोथरूडच्या कुठल्या ना कुठल्या अमृततुल्यात हा शोध नव्याने लागतो, आणि तो लावणारा माणूस त्या दिवशीच्या चहाचे पैसे आपण होऊन देतो, इतका तो आनंदात असतो.

आमच्या कंपूत हा शोध बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी लावला. बिलाच्या पाठीवर त्यांनी एक तिरकी रेघ ओढली. वरच्या टोकाला पुणे लिहिलं, खालच्या टोकाला दिवेआगर. "इथून सोडायचं आणि तिथे थांबायचं," एवढंच म्हणाले. जन्मभर कर्जाची प्रकरणं तपासलेला माणूस इतका निर्धास्त बोलतो म्हटल्यावर आमचाही विश्वास बसला. ती रेघ मी घरी दाखवली. बायकोने चष्मा लावून ती पाहिली आणि विचारलं, "आणि परत कसे येणार?"

"चढून."

"म्हणजे उतरायचं, परत चढायचं आणि शेवटी इथेच यायचं. मग मुळात उतरता कशाला?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हतं. त्यानंतर आम्ही जो मार्ग आखत गेलो, त्यातला निम्मा या प्रश्नाला बगल देण्यासाठीच आखला.

तिच्या म्हणण्याला इतिहासाचाही पाठिंबा आहे. किनाऱ्यावरून पुण्याला आलेल्या थोरामोठ्यांचा प्रवास बहुतेक एकेरीच झाला. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट घाट चढून वर आले, १७१३ मध्ये पेशवे झाले आणि त्यांच्या घराण्याचा मुक्काम पुढे शतकभर वरच पडला. नाना फडणवीसांचं भानू घराणं बाणकोटच्या खाडीजवळच्या वेळासचं. लोकमान्य टिळकांचं मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. पेठांमधल्या जुन्या आडनावांचा माग काढत गेलं, तर बरीचशी आडनावं कुठल्या तरी खाडीच्या तोंडाशी जाऊन थांबतात. ही सगळी मंडळी एकदाच चढली. नंतर खाली उतरायची वेळ आली ती कुळाचाराला किंवा जमिनीच्या वाटणीला, आणि वाटणी झाल्यावर कुळाचारही पुण्यातच होऊ लागला.

यांतले मला सगळ्यात जवळचे वाटतात ते महर्षी कर्वे. आमचा मार्ग कर्वे रस्त्यावर सुरू होतो आणि काही दिवसांनी त्यांच्या दापोलीजवळच्या मुरुडात पोचतो, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण साताऱ्याचं. सतरा वर्षांचे असताना कर्वे परीक्षा द्यायला मुरुडहून साताऱ्याला चालत गेले होते. शंभर मैलांहून जास्त अंतर आणि मधे आडवा सह्याद्री. एवढं चालून पोचल्यावर परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि हा मुलगा काही सतरा वर्षांचा दिसत नाही, असं म्हणून त्यांना बसूच दिलं नाही. कर्वे आले तसे परत गेले. म्हणजे एकेरी प्रवासाच्या या परंपरेला अपवाद आहे, आणि तो केवढा मोठा आहे. पुढे हिंगण्याच्या आश्रमातून ते शहरात शिकवायला पायी येत-जात, आणि १८५८ मध्ये जन्मलेले कर्वे १९६२ पर्यंत आपल्यात होते. आमच्या कंपूतले दंतवैद्य या दोन गोष्टींचा संबंध जोडतात आणि सगळ्यांना लिफ्ट सोडून जिने चढायला लावतात. मला मात्र साताऱ्याची गोष्टच जास्त धीर देते. आम्ही कुठेही, कसेही पोचलो, तरी वय कमी दिसतं म्हणून आम्हाला कोणी परत पाठवणार नाही.

पाण्याचीही रीत एकेरीच. ताम्हिणीच्या वाटेवर मुळशीचं धरण लागतं. हे धरण बांधायला टाटा कंपनीने घेतलं तेव्हा बुडणाऱ्या गावांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला आणि पांडुरंग महादेव बापटांना त्यातूनच 'सेनापती' ही पदवी मिळाली. धरण तरीही झालं. जे पाणी मुळेतून पुण्याला, भीमेतून कृष्णेला आणि सरतेशेवटी बंगालच्या उपसागराला मिळायचं, ते आता उलट्या बाजूला वळवून मोठमोठ्या नळांतून सह्याद्रीच्या पायथ्याला, भिऱ्याला सोडतात. तिथे त्याची वीज होते आणि ते कुंडलिकेतून अरबी समुद्राला जातं. उतरता उतरता वीज तयार करायची आणि परत यायचं नाव काढायचं नाही, हा व्यवहार बँकवाल्या काकांना फार पसंत पडला.

कोणत्या घाटाने उतरायचं यावर पुष्कळ चहा झाला. बोरघाट सगळ्यांत प्रतिष्ठित. १८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर माल्कम याच्या काळात तिथे गाडीरस्ता झाला. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत तो घाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. पण किताब चढणाऱ्याला मिळतो. उतरणाऱ्याला कोणी विचारत नाही. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, जुन्या रस्त्यावर ट्रकची सोबत आहे, आणि एवढं सगळं करून पोचायचं कुठे, तर खोपोलीला. खोपोलीला जाण्यासाठी कोणी सह्याद्री उतरत नाही, असं एक जण म्हणाला. त्याची बहीण खोपोलीत दिलेली आहे, त्यामुळे त्याला तसं बोलायचा अधिकार होता.

वरंध घाट त्याहून देखणा. भोरहून निघायचं, नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने जायचं, घाटमाथ्यावर गरम भजी खायची आणि खाली शिवथरघळीकडे पाहत महाडला उतरायचं. समर्थांनी 'दासबोध' तिथे सांगितला असं मानतात, आणि वरंधच्या रस्त्याची पावसाळ्यानंतरची अवस्था पाहिली की माणसाला अशा ग्रंथाची गरज का भासते ते कळतं. दर पावसाळ्यात तिथे दरडी येतात, रस्ता बंद होतो आणि पुढे तो कधी उघडेल यावर भोरमध्ये एक मत असतं आणि महाडमध्ये दुसरं.

राहिला ताम्हिणी. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे, निजामपूर, माणगाव. ही नावं एका दमात म्हणून दाखवता येणं हाच आमच्यातल्या काहींचा सायकलिंगचा अनुभव. शिवाय २०२६ च्या जानेवारीत 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तिच्यासाठी पुण्याभोवतालचे बरेच रस्ते गुळगुळीत करून घेतले गेले. खड्डे बुजवायला परदेशातून सायकलस्वार यावे लागले, म्हणून एकाने नाक मुरडलं. पण पाहुणे येणार म्हटल्याशिवाय आपणही घरचे पंखे कुठे पुसतो?

इथवर सगळं बिलाच्या पाठीवर चाललं होतं. मग आमच्या कंपूत एक मुलगी आली. सॉफ्टवेअरमध्ये आहे, वयाने आमच्या मुलांएवढी, आणि सायकल खरोखर चालवते. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत, तीनशे किलोमीटर वीस तासांच्या आत, असल्या ब्रेवे राइड तिने केलेल्या आहेत. तिने मोबाइलवर आमचा मार्ग टाकला. खाली एक आलेख उमटला. काकांच्या तिरक्या रेघेचा त्यात कुठे मागमूस नव्हता.

"काका, यात उतार आहे," ती म्हणाली. मोठी सालस मुलगी आहे. "म्हणजे ताम्हिणी उतरताना आहेच. पण त्याच्याआधी चांदणी चौकाचा चढ आहे, पिरंगुटचा घाट आहे, मग धरणाच्या कडेने वर-खाली, वर-खाली."

"पण बेरीज शून्यच ना?" काकांनी विचारलं.

"उंचीची. पायांची नाही."

बँकेत जमा आणि खर्च एकमेकांतून वजा करता येतात. सायकलवर दोन्ही वेगवेगळे द्यावे लागतात. उतारावर मिळालेलं पुढच्या चढावर कुणी धरत नाही. दिवेआगरचं अंतर १६० किलोमीटरच्या आसपास, ते आम्ही एका दिवसात मारणार होतो. तिने ते न बोलता दोन दिवसांचं केलं आणि माणगावला मुक्काम टाकला. त्या मुक्कामावर पुढे कोणीही आक्षेप घेतला नाही, यावरून तिरक्या रेघेवर कोणाचा किती विश्वास होता ते समजावं.

खरी मजा किनाऱ्याची आहे. घाटाची भीती सगळ्यांना असते, किनाऱ्याची कोणालाच नसते. समुद्राकाठी रस्ता म्हटला की डोळ्यांपुढे नारळाच्या झावळ्या, मऊ वाळू आणि सपाट डांबर येतं. दिवेआगरहून आरावीच्या बाजूने श्रीवर्धनला जाणारा रस्ता बराचसा तसा आहेही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि वाटेत कुठे थांबावं ते कळत नाही. महाराष्ट्रात सायकल चालवायला याहून सुंदर तुकडा असेल तर मला तो दाखवावा. पण हा तुकडा पाहून पुढचा किनारा आखणं म्हणजे मुलीचा मोठा काका भला माणूस आहे म्हणून लग्न ठरवणं.

आमचे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर यावर अधिकाराने बोलतात. रत्नागिरीकडचा किनारा म्हणजे जांभ्याचे सडे. हे सडे समुद्रापासून शंभर-दीडशे मीटर उंच, वरून टेबलासारखे सपाट आणि कडेला एकदम तुटलेले. सह्याद्रीतून आलेल्या नद्यांनी ते जागोजाग कापलेत आणि त्या कापांत समुद्र आत शिरून खाड्या झाल्यात. गावं सगळी खाली, पाण्याशी. रस्त्याला एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर सड्यावर चढावं लागतं, थोडं सपाट चालून पुन्हा उतरावं लागतं. पुढच्या गावाला पुन्हा तेच. समुद्र शून्यावर आहे, पण समुद्राकाठचा रस्ता शून्यावर राहायला तयार नाही.

त्यात चढाची जातही वेगळी. बोरघाट किंवा कुंभार्ली असे घाट बैलांनी ओढायच्या गाड्यांसाठी बांधले. बैलाला झेपेल एवढाच चढ ठेवायचा, म्हणून रस्ता डोंगरावर नागमोडी फिरवला. शंभर मीटर पुढे गेलात की पाच-सहा मीटर वर, असा हिशेबाचा माणूस. लांबलचक असतो, पण दगा देत नाही. किनाऱ्यावरच्या गावरस्त्यांना असा कोणी अभियंता भेटला नाही. इंजिनिअरकाकांचं मत असं, की दोन वाड्यांना जोडणारी पाखाडी होती, माणसं डोक्यावर टोपली घेऊन तिने चढत होती, पुढे कधीतरी तिच्यावर डांबर पडलं. त्यामुळे तो रस्ता वर जातो तो सरळ वर जातो. अर्धा किलोमीटरचा चढ असतो, पण त्यात माणूस उतरून सायकल ढकलत आपल्या आयुष्याचा फेरविचार करू लागतो.

मुलीने किनाऱ्याचा आलेख काढून दाखवला. वेसवी, वेळास, केळशी, आडे, आंजर्ले, हर्णै, मुरुड, दाभोळ. त्या आलेखाला दात होते. दंतवैद्यांनी ते व्यावसायिक गांभीर्याने न्याहाळले आणि काही काढावे लागतील, असं सांगितलं. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जायचं ठरलं होतं. देवाचा पत्ता नावातच सांगितलेला असूनही तो कड्यावर असेल हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी ताम्हिणीची चढाई एका बाजूला आणि या दातांची बेरीज दुसऱ्या बाजूला मांडली, तेव्हा घाट सज्जन ठरला. काकांनी बिलाचा कागद खिशात घातला आणि दुसरा चहा मागवला. त्याचे पैसे त्यांनी दिले नाहीत.

दिशेचा प्रश्न त्याहून नाजूक. उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं, की दक्षिणेकडून उत्तरेकडे? पावसाळा सोडला तर दुपारनंतर किनाऱ्यावर वारा बहुतेक वायव्येकडून येतो. दक्षिणेला निघालात तर तो पाठीवर हात ठेवतो, उत्तरेला निघालात तर छातीवर. तेव्हा दक्षिणेलाच जावं, हे उघड आहे. पण आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात. दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे रस्त्याच्या पलीकडे; मधून वाळूचे ट्रक, एसटी आणि लग्नाचं वऱ्हाड जाणार. उत्तरेला जाताना मात्र समुद्र अगदी डाव्या कोपराशी. थोडक्यात, वारा हवा असेल तर दृश्य पलीकडे, आणि दृश्य हवं असेल तर वारा तोंडावर. या प्रश्नावर कंपूत दोन तट पडले. ज्यांना फोटो काढायचे होते ते उत्तरेच्या बाजूचे, ज्यांना पोचायचं होतं ते दक्षिणेच्या. पोचणारे एका मताने जिंकले. ते मत त्या मुलीचं होतं, आणि तिला फोटोही चांगले काढता येतात, हे त्यावरचं सांत्वन.

सगळ्या मार्गात एकाच गोष्टीवर कोणाचं दुमत नव्हतं, ती म्हणजे फेरी बोट. हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडला आहे, तिथून सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला जायचं. पुढे दाभोळहून धोपावेला वाशिष्ठीची खाडी. आणखी खाली गेलात तर तवसाळहून जयगडला शास्त्रीची. बोटीत गाड्या चढतात, ट्रक चढतात, मोटारसायकली चढतात, आणि सायकलवाले सगळ्यांच्या मधे मान ताठ करून उभे राहतात, कारण पाण्यावर चढ नसतो. बागमांडल्याला बोट घ्यायची नाही म्हटलं तर आत आंबेतच्या पुलापर्यंत वळसा मारावा लागतो. त्या वळशातही चढ आहेत, हे आता सांगायची गरज नव्हती. पलीकडे उतरल्यावर बाणकोटचा किल्ला आहे. १७५६ मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला 'फोर्ट व्हिक्टोरिया' नाव दिलं. राणी व्हिक्टोरियाचा जन्म त्यानंतर साठेक वर्षांनी झाला, म्हणजे नावाचा तिच्याशी काही संबंध नाही. हे आम्ही बोटीतल्या कोणाला तरी सांगायचं असं आधीच ठरवून ठेवलं आहे. मार्ग आखताना पुणेकर आपल्या माहितीचेही मुक्काम आखतो.

जेवणाचं वेळापत्रक मात्र आपल्या हातात नसतं. किनाऱ्यावरच्या घरगुती खानावळीत आधी फोन करावा लागतो. "किती पानं?" हा पहिला प्रश्न, "किती वाजता?" हा दुसरा, आणि दोन्हींची उत्तरं ठाम लागतात. एक वाजता म्हटलं की एक वाजता भात उतरतो. आम्ही एकला केळशीत असू, की केळशीच्या अलीकडच्या चढावर, हे आलेखाला सांगता येत नव्हतं. मुलगी म्हणाली, आपण चालतं जेवू, केळी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू. यावर एवढी शांतता पसरली, की तिने आपणहून दुपारची दोन तासांची विश्रांती टाकली. उकडीचा मोदक, आमटी-भात आणि सोलकढी ज्या वेळापत्रकात बसत नाहीत, ते वेळापत्रक घेऊन कोकणात जावं कशाला?

आता राहिला परतीचा घाट, म्हणजे बायकोचा मूळ प्रश्न. गुहागरला पोचल्यावर तीन वाटा निघतात. एक, चिपळूणहून कुंभार्ली चढायचा, पाटणवरून कराडला जायचं आणि तिथून महामार्गाने ट्रकच्या धुरात पुण्याला. दुसरी, महाडला येऊन वरंध चढायचा, उघडा असला तर. तिसरी वाट इंजिनिअरकाकांनी सुचवली, आणि ती ऐकून सगळ्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने प्रतापगडावरून महाबळेश्वर.

तिचं आकर्षण असं, की बाणकोटला जी सावित्री आम्ही मुखाशी ओलांडणार, ती उगम पावते महाबळेश्वरला. मुखापासून उगमापर्यंत जायचं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री अशा पाच नद्या जिथून निघतात, तिथे पोचायचं, मग पाचगणीवरून पसरणीचा घाट वाईला उतरायचा आणि मांढरदेवीच्या डोंगरावरून भोरकडे वळायचं. कागदावर हे इतकं सुंदर दिसलं, की कुणी उंची विचारलीच नाही. उंची नंतर मुलीने सांगितली. पोलादपूर जवळजवळ समुद्राच्या पातळीला. तिथून चाळीसेक किलोमीटरमध्ये महाबळेश्वर, साडेतेराशे मीटरच्या आसपास. म्हणजे ५६० वर असलेल्या आपल्या घरी पोचण्यासाठी आम्ही आधी साडेतेराशेवर जाणार, तिथून खाली येणार, वाईहून मांढरदेवीसाठी पुन्हा चढणार आणि मग घरी.

हे मी घरी सांगितलं नाही. ते दंतवैद्यांच्या बायकोने सांगितलं. "पुण्याच्या दुप्पट चढून पुण्याला येणार, असं ऐकलं," एवढंच बायको म्हणाली आणि कोथिंबीर निवडत राहिली.

मग गिअरचा विषय निघाला. कोणी पुढे लहान चक्र बसवायला निघालं, कोणी मागे मोठं. फ्रान्समधल्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांचं म्हणणं असं होतं, की गिअर ही पंचेचाळिशीच्या पुढच्यांची सोय आहे. तरुणांनी स्नायूंच्या जोरावर जिंकावं. १९१० मध्ये त्यांच्या शर्यतीने पिरेनीजचे मोठाले घाट घेतले तेव्हा त्या वर्षीचा विजेता ओक्ताव्ह लापीझ घाट चढता चढता आयोजकांना खुनी म्हणाला. गिअर बदलायचं यंत्र त्या शर्यतीत आलं ते थेट १९३७ मध्ये. हे वाचून आमच्या कंपूत देग्रांजविषयी आदर एकदम वाढला. पंचेचाळिशी ओलांडून आम्हाला पुष्कळ वर्षं झाली आहेत, तेव्हा खुद्द टूर द फ्रान्सच्या जनकाने आम्हाला गिअरची परवानगी दिलेली आहे. मुलीला ती नाही. तिने गिअर बदलला की काका तिच्याकडे अर्थपूर्ण पाहतात.

एसटीचा पर्याय कागदावर शेवटच्या ओळीत लिहिला आहे, पेन्सिलीने. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हापासून महाराष्ट्रात थकलेल्या माणसाला एक आधार आहे. सायकल टपावर चढवायची, दोरीने बांधायची, तिचं वेगळं तिकीट काढायचं, आणि खिडकीत बसून आपण न चढलेला घाट निवांत पाहायचा. आता गाड्यांना टप तसे राहिलेले नाहीत, वाहकही लवकर तयार होत नाही. त्यामुळे त्या ओळीपुढे कोणीतरी 'टेम्पो?' असं लिहिलं आहे. अक्षर बँकेतलं वाटतं.

तारीख डिसेंबरची धरली आहे, म्हणजे पाऊस नाही आणि मार्चचा घामही नाही. नाताळच्या सुट्टीत ताम्हिणीवर गाड्यांची रांग असते, म्हणून तिच्या आधीचा आठवडा. गुहागरपर्यंतचं सगळं ठरलं, परतीचा घाट तेवढा मोकळा ठेवला. तो गुहागरला पोचल्यावर पायांना विचारून ठरवायचा. गुहागरच धरायचं कारण दंतवैद्यांची सासुरवाडी तिथली. त्यांनी सासूबाईंना फोन करून सायकलने येतोय, म्हणून सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग सासूबाईंनी विचारलं, "बरं. पण जावईबापू, गाडी विकलीत का?"